एमईपी फॅमिली बनवताना: क्लॅश रिपोर्टच्या आधीच चूक पकडायची कशी

डिप्लोमा किंवा बी.ई. मेकॅनिकल करून बीआयएमच्या, म्हणजे इमारतीचं संगणकावर त्रिमितीय मॉडेल बनवणाऱ्या, ऑफिसात रुजू झालात की पहिल्या काही दिवसांतच एक काम हमखास येतं. सीनियर एक पीडीएफ कॅटलॉग पाठवतो आणि म्हणतो, "याची फॅमिली बनवून टाक." फॅमिली म्हणजे मॉडेलमध्ये हव्या तितक्या वेळा बसवता येणारा तयार घटक, आणि एमईपी म्हणजे इमारतीतली वातानुकूलन, वीज आणि प्लंबिंगची कामं. काम किरकोळ वाटतं, कारण दिसायला तो पत्र्याचा डबा असतो. पण हाच डबा पुढे इमारतीत दोनशे ठिकाणी बसतो आणि त्यातली ४० मिलिमीटरची चूकही दोनशे ठिकाणी बसते. को-ऑर्डिनेशन मीटिंगमध्ये मग वाद रंगतो तो डक्टच्या मार्गावरून आणि बीमच्या खोलीवरून. डब्याकडे कुणी बघतच नाही.

म्हणून फॅमिली बनवताना दोनच प्रश्न सतत डोक्यात ठेवा. मॉडेलमध्ये हा घटक जेवढी जागा अडवतोय तेवढीच जागा साइटवर येणारी वस्तू अडवणार आहे का? आणि मॉडेलमध्ये पाइप जिथे जोडला, तिथेच तो साइटवर जोडता येणार आहे का? घटक दिसतो कसा, हा प्रश्न फार नंतरचा.

पुढचं सगळं मी एकाच घटकाच्या आधाराने सांगतो: फॉल्स सीलिंगमध्ये लपवायचं चिल्ड वॉटरचं फॅन कॉइल युनिट, म्हणजे एफसीयू. हवा, पाणी, ड्रेन आणि वीज असं सगळं त्याला जोडलं जातं, त्यामुळे नवख्यांच्या बहुतेक चुका या एकाच वस्तूत भेटतात. सॉफ्टवेअर रेव्हिट आणि क्लॅश, म्हणजे दोन घटक एकमेकांच्या जागेत घुसणं, तपासायला नेव्हिसवर्क्स धरलं आहे.

पायरी १: रेव्हिट उघडण्याआधी विचारून घ्या

पहिला प्रश्न एलओडीचा, म्हणजे मॉडेलमध्ये तपशील किती हवा याचा. अमेरिकेतल्या बीआयएमफोरमच्या व्याख्येप्रमाणे एलओडी ३०० म्हणजे वस्तूचं माप, आकार, जागा आणि दिशा पक्की. एलओडी ३५० म्हणजे त्याशिवाय शेजारच्या गोष्टींशी तिचा संबंध जिथे येतो ते सगळं: हँगर, सपोर्ट, जोडण्या. ४०० म्हणजे कारखान्यात बनवता येईल इतका तपशील. क्लॅश को-ऑर्डिनेशनला साधारणपणे ३५० लागतो, पण करारात ३०० लिहिलेलं असतं आणि मीटिंगमध्ये ४०० मागितलं जातं. हा घोळ तुम्ही सोडवू शकत नाही. बीआयएम एक्झिक्युशन प्लॅनमध्ये काय लिहिलंय ते वाचून सीनियरला मेलवर विचारू मात्र शकता. तोंडी नको, मेलवरच.

दुसरा प्रश्न रेव्हिटच्या आवृत्तीचा. नव्या आवृत्तीत सेव्ह केलेली फॅमिली जुन्या आवृत्तीत उघडत नाही आणि परत जायला रस्ता नाही. प्रोजेक्ट दोन वर्षं जुन्या आवृत्तीवर चाललेला असतो आणि तुमच्या मशीनवर नवी असते. दिवसभराचं काम यातच पाण्यात जातं.

तिसरं: शेअर्ड पॅरामीटरची (अनेक फॅमिलींत सामाईक वापरायच्या माहितीच्या रकान्यांची) फाइल कुठली, फॅमिलीला नाव कसं द्यायचं, एकक मिलिमीटर की फूट-इंच. पुण्या-मुंबईतल्या ऑफिसांत एका टेबलावर ब्रिटनचं काम असतं, शेजारच्या टेबलावर अमेरिकेचं, त्यामुळे हे गृहीत धरू नका.

पायरी २: कॅटेगरी आणि होस्ट

एफसीयूसाठी मेकॅनिकल इक्विपमेंटचंच टेम्प्लेट घ्या. घाईत जेनेरिक मॉडेल घेण्याचा मोह होतो, कारण त्यात काहीही काढता येतं. पण मग इक्विपमेंट शेड्यूलमध्ये तो घटक येत नाही, टॅग लागत नाही, नेव्हिसवर्क्समध्ये कॅटेगरीवर बनवलेल्या सर्च सेटमधून तो निसटतो आणि आयएफसीमध्ये (सॉफ्टवेअरांमधल्या देवाणघेवाणीच्या फाइलमध्ये) 'प्रॉक्सी' म्हणून, म्हणजे बिनओळखीचा ठोकळा म्हणून जातो. सर्च सेटमधून निसटलेला घटक क्लॅश दाखवत नाही, आणि क्लॅश नाही म्हणजे सगळं ठीक, असं सगळे समजतात.

होस्टचा, म्हणजे घटक कशाला चिकटून बसणार याचा, निर्णयही इथेच. भिंतीवर होस्ट होणारी फॅमिली लिंक केलेल्या आर्किटेक्चर मॉडेलमधल्या भिंतीवर बसत नाही. एमईपीचं काम तर जवळपास नेहमी लिंकवरच चालतं. फेस-बेस्ड फॅमिली लिंकमधल्या पृष्ठभागावर बसते, पण आर्किटेक्टने भिंत पुसून नवी काढली की तुमचा स्विच किंवा सॉकेट अनाथ होऊन जुन्या जागी हवेत लटकत राहतो. एफसीयू, पंप, पॅनेल अशा जड वस्तूंना होस्टच नको. लेव्हलवरून उंची द्या.

पायरी ३: कॅटलॉग वाचणं

कॅटलॉगच्या मापांच्या तक्त्यात दोन लांब्या असतात: नुसत्या बॉडीची आणि सगळं धरून, म्हणजे मोटर, रिटर्न प्लेनम (परतीची हवा गोळा होणारी पेटी), ड्रेन पॅन आणि बाहेर आलेली पाइपची टोकं मिळून. नवखा माणूस पहिली उचलतो, कारण ती आधी दिसते. ड्रेन पॅन बऱ्याचदा पाइपच्या बाजूला बॉडीच्या बाहेर डोकावतो. व्हॉल्व्हवरचं घाम आलेलं पाणी त्यात पडावं म्हणून तो मुद्दाम लांब केलेला असतो. तो काढला नाही तर दोन एफसीयूंमधली जागा कागदावर पुरते, वर चढल्यावर पुरत नाही.

इंचातल्या कॅटलॉगमध्ये अपूर्णांक नीट बघा. आणि कॅटलॉग कुठला हेही बघा: वेबसाइटवरचा सर्वसाधारण, की या कामासाठी मंजूर झालेल्या सबमिटलमधला, म्हणजे मंजुरीसाठी दिलेल्या कागदपत्रांतला? दुसरा मिळत असेल तर पहिल्याला हात लावू नका. मंजुरी अजून झालीच नसेल, तर शर्यतीत असलेल्या कंपन्यांपैकी सगळ्यांत मोठ्या युनिटचं माप धरा आणि फॅमिलीच्या नावातच ती तात्पुरती असल्याचं लिहा.

पायरी ४: सांगाडा

आधी रेफरन्स प्लेन (मापांना आधार देणारी प्रतलं), मग मापं, मग पॅरामीटर आणि सगळ्यात शेवटी घन आकार. उलट्या क्रमाने केलेली फॅमिली पहिल्या साइजला छान दिसते आणि दुसऱ्या साइजला फाटते. प्रत्येक पॅरामीटर लावला की लगेच दोन-तीन वेगळ्या किमती टाकून बघा. ऑफिसात याला 'फ्लेक्स करणं' म्हणतात. शेवटी एकदम फ्लेक्स केलं तर कुठलं कुलूप चुकीच्या जागी लागलंय ते शोधत बसावं लागतं.

ओरिजिन, म्हणजे मॉडेलमध्ये ठेवताना धरला जाणारा फॅमिलीचा मूळ बिंदू, कुठे ठेवायचा, याकडे कुणी फारसं लक्ष देत नाही. माझं मत असं: छताला टांगायच्या वस्तूंचा ओरिजिन हवेच्या बाहेर पडण्याच्या तोंडाच्या मध्यावर आणि तळाच्या पातळीवर ठेवा, आणि प्रोजेक्टमधल्या सगळ्या एफसीयूंना तोच नियम लावा. उद्या कंपनी बदलली आणि एक फॅमिली काढून दुसरी घातली, तर डक्टचं तोंड जागचं हलत नाही. दोन फॅमिलींचे ओरिजिन वेगळे असले तर दोनशे युनिटं एका क्लिकमध्ये सरकतात, आणि अनडू करण्याआधी कुणीतरी सिंक केलेलं असतं.

पायरी ५: आकार, म्हणजे काय काढायचं आणि काय सोडायचं

कंपनीकडून कधी कधी स्टेप किंवा डीडब्ल्यूजी फाइल येते: प्रत्येक बोल्ट, पंख्याची पाती, ग्रिलच्या पट्ट्या, सगळं. ती तशीच फॅमिलीत आयात करणं म्हणजे सगळ्यांत सोपा आणि सगळ्यांत महाग मार्ग. मॉडेल जड होतं, व्ह्यू फिरवायला वेळ लागतो आणि त्या आकाराला पॅरामीटर काही लागत नाहीत. रेव्हिटला साधारण पाऊण मिलिमीटरपेक्षा लहान रेघ काढताच येत नाही, त्यामुळे बारीक गोलाई असलेली आयात केलेली भूमिती तुटते किंवा तक्रार करते. ती फाइल शेजारी उघडून तिच्यावरून मापं घ्या आणि आकार स्वतः काढा: चार-पाच ठोकळे आणि दोन-तीन नळकांडी पुरतात.

पण काटछाट करताना भलतंच काटू नका. बोल्ट काढायची गरज नाही. फ्लँज मात्र काढायलाच हवा. १५० एनबीच्या (म्हणजे १५० नाममात्र मापाच्या, पुढे सविस्तर) पाइपला पीएन १६ या दाबाच्या वर्गाचा फ्लँज २८५ मिमी व्यासाचा असतो. १०० एनबीला २२०. नुसता पाइप बघून दोन लाइनी शेजारी शेजारी नेल्या तर समोरासमोर आलेले फ्लँज एकमेकांत घुसतात, आणि फिटर मग एक व्हॉल्व्ह पुढे सरकवतो, जो कुठल्याच ड्रॉइंगवर नसतो. डक्टच्या जोडावरचे फ्लँजही बाजूला ३०–४० मिमी बाहेर येतात. प्रत्येक जोड काढत बसू नका, पण मार्ग ठरवताना ती जागा धरलेली हवी.

हँगरचे चार रॉड एफसीयूच्या फॅमिलीतच ठेवा, स्लॅबपर्यंतची लांबी पॅरामीटरने. केबल ट्रेवाला नेमका युनिटच्या डोक्यावरून जातो, आणि तिथे रॉड आहे हे मॉडेलने सांगितलं नाही तर साइटवर ट्रे कापली जाते.

एनबी आणि ओडीची भानगड

हे थोडं सविस्तर सांगतो, कारण मेकॅनिकलच्या पोरांनाही हे कॉलेजात कुणी सांगितलेलं नसतं.

साइटवर '१०० चा पाइप' म्हटलं की प्लंबरच्या डोक्यात एक असतं आणि एचव्हीएसीवाल्याच्या डोक्यात दुसरं. लोखंडी किंवा जीआय पाइपचं माप एनबी, म्हणजे नाममात्र बोअर; १०० एनबीचा बाहेरचा व्यास, म्हणजे ओडी, ११४.३ मिमी. यूपीव्हीसी पाइपचं माप बहुधा बाहेरचंच: ११० म्हणजे बाहेरून ११०. त्यात १५० एनबीला आणखी एक गंमत आहे. आयएस १२३९ प्रमाणे बाहेरचा व्यास साधारण १६५ मिमी, आणि अमेरिकन किंवा आयएसओ मापात १६८.३. तीन मिलिमीटरचा फरक क्लॅशला फारसा जाणवत नाही, पण क्लँप आणि ग्रूव्ह्ड कपलिंग मागवताना जाणवतो.

रेव्हिटमध्ये पाइपच्या सेगमेंटला नाममात्र, आतला आणि बाहेरचा असे तिन्ही व्यास असतात, त्यामुळे पाइप बरोबर दिसतो. चूक होते ती तुमच्या फॅमिलीत. व्हॉल्व्हचं तोंड १०० मिमी व्यासाचं काढलं, कारण कॅटलॉगमध्ये १०० लिहिलं होतं. आता ११४ चा पाइप १०० च्या तोंडाला येऊन भिडतो. दिसायला थोडं विचित्र, इतकंच. पण हाच हिशेब इन्सुलेशनला लावला की प्रकरण गंभीर होतं. १५० एनबीचा चिल्ड वॉटर पाइप आणि वर ५० मिमी इन्सुलेशन: १६८ अधिक १००, म्हणजे २६८ मिमी. सप्लाय आणि रिटर्न मध्यापासून मध्यापर्यंत २५० मिमीवर ठेवले, तर उघड्या पाइपांमध्ये ८२ मिमी मोकळी जागा दिसते आणि प्रत्यक्षात इन्सुलेशन एकमेकांत १८ मिमी घुसतं. रेव्हिटमध्ये इन्सुलेशन हा वेगळा घटक आहे. तो लावायचा राहिला किंवा निर्यातीच्या व्ह्यूमध्ये बंद राहिला, की रिपोर्ट कोरा येतो.

एल्बोचंही असंच. १०० एनबीच्या लाँग रेडियस एल्बोचं मध्यापासून टोकापर्यंतचं अंतर १५२ मिमी, शॉर्ट रेडियसचं १०२. रूटिंग प्रेफरन्समध्ये जेनेरिक एल्बो राहिला असेल, तर मॉडेलमध्ये वळण जिथे मावतं तिथे साइटवर मावत नाही. फिटिंगच्या मापांचा लुकअप टेबल उघडून दोन-तीन साइजचे आकडे कॅटलॉगशी ताडून बघा. कुणीतरी भरलेला टेबल आहे म्हणजे बरोबरच असेल, असं नसतं.

पायरी ६: माणसाला लागणारी जागा

एफसीयूचा फिल्टर खाली किंवा मागे ओढून काढावा लागतो. व्हॉल्व्हच्या बाजूला हात आणि पाना जायला हवा. ड्रेन पॅन धुवावा लागतो. खाली ट्रॅप डोअर हवं. ही जागा कॅटलॉगमध्ये 'सर्व्हिस स्पेस' म्हणून दिलेली असते, आणि फॅमिलीत ती पारदर्शक ठोकळा म्हणून काढायची, वेगळ्या सबकॅटेगरीवर, हो-नाही पॅरामीटरने चालू-बंद होईल अशी.

वेगळी सबकॅटेगरी कशासाठी? हा ठोकळा बॉडीतच मिसळला तर सीलिंगपासून ते स्वतःच्याच पाइपापर्यंत सगळ्यांशी क्लॅश दाखवतो. रिपोर्टमध्ये शेकडो ओळी येतात आणि को-ऑर्डिनेटर वैतागून सगळ्याच 'अप्रूव्ह्ड' करून टाकतो, त्यात दोन खरेही क्लॅश असतात. म्हणून नेव्हिसवर्क्ससाठी दोन व्ह्यू ठेवा, एकात नुसत्या वस्तू, दुसऱ्यात सर्व्हिस स्पेसही, आणि दोन वेगळ्या चाचण्या चालवा. दुसऱ्या चाचणीत युनिटचे स्वतःचे व्हॉल्व्ह त्या जागेत सापडणारच. ते गटाने बाजूला काढा.

इथे एक खाच आहे. नेव्हिसवर्क्समध्ये सगळी भूमिती त्रिकोणांची बनलेली असते, आणि साधी 'हार्ड' चाचणी त्रिकोण एकमेकांना छेदतात का तेवढंच बघते. एखादा छोटा जंक्शन बॉक्स तुमच्या सर्व्हिस स्पेसच्या ठोकळ्यात पूर्णपणे आत असेल, तर कुठलाच त्रिकोण छेदला जात नाही आणि तो निसटू शकतो. या चाचणीसाठी 'हार्ड (कन्झर्व्हेटिव्ह)' निवडा. फुकटचे क्लॅश थोडे जास्त येतील, ते परवडतात.

इलेक्ट्रिकल पॅनेलला तर ही जागा कायद्यानेच लागते. आपल्याकडे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांप्रमाणे स्विचबोर्डसमोर किमान १ मीटर मोकळं हवं. मागे उघड्या जोडण्या असतील तर मागची जागा २० सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, नाहीतर ७५ पेक्षा जास्त हवी. मधलं काहीच चालत नाही: माणूस कसाबसा शिरेल पण निघू शकणार नाही, अशी फट कुणाला नको. अमेरिकेच्या कामात एनईसी या तिथल्या विद्युत संहितेप्रमाणे समोर किमान ३ फूट, व्होल्टेजनुसार जास्त. त्यामुळे पॅनेलच्या फॅमिलीत हा आकडा पक्का कोरू नका, पॅरामीटर ठेवा.

पायरी ७: कनेक्टर

कनेक्टर म्हणजे फॅमिलीवर पाइप, डक्ट किंवा वायर जिथे जोडली जाते तो बिंदू. सगळ्यात जास्त चुका इथे होतात, आणि त्या डोळ्यांना दिसत नाहीत.

एफसीयूला किमान सहा कनेक्टर लागतात: सप्लाय एअर, रिटर्न एअर, चिल्ड वॉटर सप्लाय, चिल्ड वॉटर रिटर्न, ड्रेन आणि वीज. प्रत्येकाचं सिस्टिम क्लासिफिकेशन बरोबर हवं आणि प्रवाहाची दिशा युनिटच्या बाजूने विचार करून द्यायची. चिल्ड वॉटर सप्लाय एफसीयूच्या आत येतो, म्हणून 'इन'. हाच सप्लाय चिलरमधून बाहेर पडतो, म्हणून तिथे 'आउट'. 'सप्लाय' हा शब्द वाचून दोन्हीकडे 'आउट' टाकलं की सिस्टिम बनते, पण प्रवाहाची बेरीज चुकते.

कनेक्टरचा बाण बाहेरच्या बाजूला आहे का बघा. उलटा असेल तर पाइप युनिटच्या पोटातून सुरू होतो.

त्रिज्या आणि व्यासाचा गोंधळ हा जुना रोग आहे. गोल कनेक्टरचं माप त्रिज्येने द्यायचं की व्यासाने, हे फॅमिलीच्या सेटिंगमध्ये ठरतं. सेटिंग त्रिज्येचं आणि तुम्ही जोडलेला पॅरामीटर व्यासाचा, तर २५ चा पाइप ५० चा होऊन बाहेर पडतो. चांगली गोष्ट इतकीच की ही चूक पहिल्या पाइपलाच कळते.

ड्रेन कनेक्टरच्या उंचीची चूक मात्र कळत नाही. आकडे घालूनच बघू. बीमच्या तळापासून सीलिंगच्या वरच्या पातळीपर्यंत ४५० मिमी जागा. एफसीयूची उंची २६०, वर हँगर आणि कंपन शोषणाऱ्या रबरासाठी ५०. म्हणजे युनिटचा तळ सीलिंगच्या १४० वर. खऱ्या युनिटमध्ये ड्रेनचं तोंड तळाच्या ३० मिमी वर असतं, म्हणजे सीलिंगच्या १७० वर. आता ड्रेन १२ मीटर लांबच्या शाफ्टपर्यंत १:१०० उताराने न्यायचा आहे: १२० मिमी उतार. शाफ्टजवळ पाइपचा मध्य सीलिंगच्या ५० वर, आणि ३२ मिमी पाइपचा अर्धा भाग व ९ मिमी इन्सुलेशन धरून पाइपचा तळ फक्त २५ वर. सीलिंगच्या जीआय सांगाड्याचीच जाडी त्याहून जास्त भरते, आणि आर्किटेक्टच्या मॉडेलमध्ये बहुतेकदा नुसता बोर्ड काढलेला असतो. म्हणजे इथे खरा प्रश्न आहे आणि तो मीटिंगमध्ये यायला हवा: शाफ्ट जवळ आणा, सीलिंग खाली घ्या किंवा ड्रेन पंप बसवा.

पण फॅमिली बनवणाऱ्याने घाईत ड्रेनचा कनेक्टर डब्याच्या बाजूच्या मध्यावर ठेवला, म्हणजे तळापासून १३० वर. मॉडेलमध्ये पाइप १०० मिमी वर सरकला. एकही क्लॅश नाही. सगळं हिरवं. प्लंबर शिडीवर चढतो तेव्हा त्याला ड्रेनचं तोंड तळाशी सापडतं आणि पाण्याला वर चढवायची सोय त्याच्याकडे नसते. पुढे सीलिंगला पडणारे पिवळे डाग कुठून आले, याची चौकशी कुणी मॉडेलपर्यंत नेत नाही.

आता मिररचं. एफसीयू मागवताना डावं की उजवं सांगावं लागतं, म्हणजे पाइपचं तोंड कुठल्या बाजूला. रेव्हिटमध्ये मिररची कमांड दिली की युनिट उलटतं, कनेक्टर बाजू बदलतात, पाइप सुरेख जोडले जातात. शेड्यूलमध्ये मात्र दोन्ही एकाच प्रकाराखाली मोजले जातात. खरेदी विभाग चाळीसच्या चाळीस युनिटं उजवी मागवतो. म्हणून डावं आणि उजवं असे वेगळे टाइप बनवा, नावात स्पष्ट लिहा आणि टीमला सांगून ठेवा की इक्विपमेंट मिरर करायचं नाही. तरी कुणीतरी करतोच; मिरर झालेली युनिटं शोधायला डायनॅमोची (रेव्हिटमधल्या स्क्रिप्टिंगच्या साधनाची) छोटी स्क्रिप्ट ठेवा आणि मॉडेल पाठवण्याआधी ती चालवा. कॅटलॉगमध्ये डावं-उजवं कुठे उभं राहून ठरवलंय, हवेच्या दिशेला तोंड करून की हवेसमोर, हे कंपनीगणिक बदलतं, तेही वाचा.

व्हॉल्व्ह, स्ट्रेनर, बॅलन्सिंग व्हॉल्व्ह, अॅक्च्युएटर यांचा संच युनिटपासून सहज अर्धा-पाऊण मीटर जागा खातो. व्हॉल्व्हच्या फॅमिलीत पार्ट टाइप 'ब्रेक्स इंटू' प्रकारचा निवडला तर तो पाइपमध्ये आपोआप बसतो, आणि त्याचे दोन्ही कनेक्टर एकमेकांना लिंक केले तर प्रवाह पुढे जातो. अॅक्च्युएटरचं डोकं काढायला विसरू नका. पाइपाच्या वर सगळ्यात उंच तेच असतं.

पायरी ८: पॅरामीटर

थोडक्यात. टॅग आणि शेड्यूल दोन्हींत दिसायला हवा असा पॅरामीटर शेअर्डच हवा, आणि तो ऑफिसच्या फाइलमधूनच घ्या. नाव सारखं ठेवून स्वतः नवा बनवलात तर त्याचा आतला ओळख क्रमांक वेगळा पडतो. दोन्ही स्क्रीनवर सारखेच दिसतात आणि टॅग रिकामा येतो.

रूम कॅलक्युलेशन पॉइंट चालू करून तो बिंदू सीलिंगच्या खाली ओढून ठेवा. नाहीतर सीलिंगच्या वर असलेलं युनिट कुठल्याच खोलीत धरलं जात नाही आणि शेड्यूलमधला खोलीचा रकाना मोकळा राहतो.

पायरी ९: कोऱ्या प्रोजेक्टमध्ये परीक्षा

फॅमिली थेट चालू प्रोजेक्टमध्ये टाकू नका. एक कोरी फाइल ठेवा, तिच्यात दोन लेव्हल, एक स्लॅब, एक बीम आणि एक सीलिंग. युनिट ठेवा, प्रत्येक कनेक्टरमधून डक्ट किंवा पाइप काढा, ड्रेनला उतार द्या. मग युनिट पकडून ३०० मिमी हलवा. सगळे पाइप सोबत आले तर जोडणी खरी. एखादा मागे राहिला तर तो नुसता टेकलेला होता. सगळे टाइप एकेक करून बदला. ९० अंशात फिरवा. एनडब्ल्यूसी (नेव्हिसवर्क्ससाठीची फाइल) काढा, नेव्हिसवर्क्समध्ये उघडा आणि टेप लावून लांबी, रुंदी, उंची मोजा. ही मापं कॅटलॉगशेजारी ठेवून दुसऱ्या कुणाला तरी तपासायला द्या. आपण टाइप केलेला आकडा आपल्याला बरोबरच वाचता येतो.

मॉडेलमध्ये गेल्यावर: घटकाचा दोष नसताना

कधी कधी फॅमिली निर्दोष असते आणि तरी रिपोर्ट भरून वाहतो. सगळेच घटक एकाच दिशेने, एकाच अंतराने सरकलेले दिसले तर दोष कोऑर्डिनेट्सचा. एका टीमने एनडब्ल्यूसी 'शेअर्ड' कोऑर्डिनेट्सवर काढली आणि दुसरीने 'प्रोजेक्ट इंटर्नल'वर, एवढंच झालेलं असतं. सगळे घटक सारख्याच उंचीने चुकले असतील तर लेव्हल बघा: स्ट्रक्चरची लेव्हल स्लॅबच्या वरची, आर्किटेक्टची फ्लोअरिंगच्या वरची, आणि मधले ५०–१०० मिमी कुणाच्याच नावावर नाहीत. एकाच जागी दोन युनिटं एकमेकांवर बसली असतील तर ती कॉपी-पेस्टची कृपा. नेव्हिसवर्क्सची 'डुप्लिकेट्स' चाचणी सगळ्यांच्या आधी चालवा.

आणि रिपोर्ट हातात आल्यावर कुणी हलायचं, याचा क्रम: गुरुत्वाकर्षणावर चालणारा ड्रेन सगळ्यांत हट्टी, त्यानंतर मोठा डक्ट, मग चिल्ड वॉटर, मग केबल ट्रे, स्प्रिंकलरच्या छोट्या लाइनी आणि कंड्युट शेवटी. हा नियम कुठे कोरलेला नाही, पण यावर फारसं कुणी भांडत नाही.

कंपनी बदलली तर

हे होणारच. ऑर्डर द्यायच्या वेळी दर जमत नाही आणि दुसऱ्या कंपनीचं युनिट येतं. तेव्हा जुनी फॅमिली उघडून आकडे खोडायचे नाहीत. नव्या नावाने प्रत काढा, ओरिजिन आणि कनेक्टरचा क्रम तसाच ठेवा, नव्या सबमिटलवरून मापं भरा, पुन्हा कोऱ्या फाइलमध्ये परीक्षा घ्या, आणि मग प्रोजेक्टमध्ये टाइप बदला.

सुधारलेली फॅमिली पुन्हा लोड करताना रेव्हिट विचारतं: फक्त आधीची आवृत्ती बदलू, की पॅरामीटरच्या किमतीही? दुसरा पर्याय निवडलात तर प्रोजेक्टमध्ये कुणी टाइपमध्ये भरलेले आकडे, मॉडेल नंबर, वजन, वॉट, तुमच्या फॅमिलीतल्या किमतींनी पुसले जातात. आधी शेड्यूल एक्सेलमध्ये काढून ठेवा, मग लोड करा, आणि नंतर दोन्ही शेजारी ठेवून फरक बघा. जोडलेले पाइप सुटले नाहीत ना, हेही त्याच वेळी एकेका मजल्यावर जाऊन पाहा. लोड झाल्यावर येणारी वॉर्निंगची खिडकी न वाचता बंद करायची सवय लागली असेल, तर ती या दिवशी मोडा.